फ्लाइट सिम्युलेटरमधील हंप उड्डाण

हा लेख दुसऱ्या महायुद्धातील हंप हवाई मार्ग आणि संगणकावरील त्याच्या पुनर्निर्मितीविषयी आहे. कर्नाटकातील ऐतिहासिक स्थळासाठी पहा – हंपी.

हंप उड्डाण म्हणजे आसामातील ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून निघून पूर्व हिमालयाच्या रांगा ओलांडत चीनमधील कुनमिंगपर्यंत जाणाऱ्या हवाई मार्गावरील मालवाहू उड्डाण होय. १९४२ ते १९४५ या काळात अमेरिकेच्या लष्करी विमानांनी आणि चीनमधील एका नागरी विमान कंपनीने हा मार्ग चालवला. बैलाच्या वशिंडाप्रमाणे मध्येच उंचावलेल्या या पर्वतप्रदेशाला वैमानिकांनी ‘द हंप’ असे नाव दिले आणि पुढे तेच नाव मार्गालाही पडले.

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमानोड्डाणाचा आभास निर्माण करणारी संगणकप्रणाली, वापरून हाच मार्ग त्या काळच्या विमानांतून पुन्हा उडणे हा विमानविद्येच्या हौशी अभ्यासकांचा एक छंद आहे. या उड्डाणात वेग किंवा कसरतींना महत्त्व नसते. भार, उंची, हवामान आणि इंजिनाची शक्ती यांचा मेळ घालून जड विमान डोंगरापलीकडे नेणे, हे त्याचे स्वरूप आहे. एक इंजिन बंद पडल्यास विमान ज्या उंचीवर टिकू शकते ती उंची या मार्गावरील शिखरांपेक्षा कमी असते. हंप उड्डाणातील बहुतेक सर्व निर्णय या एका वस्तुस्थितीभोवती फिरतात.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

जपानने चीनची किनारपट्टी ताब्यात घेतल्यानंतर चीनला होणारा रसदपुरवठा प्रामुख्याने ब्रह्मदेशातून जाणाऱ्या रस्त्यावर अवलंबून राहिला. मार्च १९४२ मध्ये रंगून आणि एप्रिलच्या अखेरीस लाशियो जपानच्या हाती पडल्यावर हा रस्ताही बंद झाला. चीनमधील सैन्याला इंधन, दारूगोळा, औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग पोहोचवण्यासाठी आसामातून हवाई वाहतूक हाच व्यवहार्य मार्ग उरला.

या वाहतुकीसाठी आसामात दिनजान, चबुआ, मोहनबाडी, सुकेरेटिंग, जोरहाट, तेजपूर, मिसामारी इत्यादी ठिकाणचे विमानतळ वापरले गेले. त्यांपैकी अनेक तळ चहाच्या मळ्यांच्या परिसरात उभारलेले होते. दिनजान ते कुनमिंग हे सरळ अंतर सुमारे ८०० किलोमीटर आहे. आरंभी वाहतूक अगदी तुटपुंजी होती. डिसेंबर १९४३ मध्ये प्रथमच महिन्याला १०,००० टनांचा टप्पा ओलांडला गेला आणि जुलै १९४५ मध्ये ती ७१,००० टनांच्या घरात पोहोचली. नोव्हेंबर १९४५ मध्ये मार्ग बंद होईपर्यंत एकूण सुमारे ६,५०,००० टन माल वाहून नेण्यात आला.

या कामगिरीची किंमत मोठी होती. सुमारे ६०० विमाने नष्ट वा बेपत्ता झाली आणि सोळाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा कायमची बेपत्ता झाली. कोसळलेल्या विमानांचे अवशेष मार्गभर विखुरलेले असल्याने वैमानिक त्याला ‘ॲल्युमिनियमची पायवाट’ म्हणत. विमान सोडून हवाई छत्रीने उतरलेले आणि वाचवले गेलेले कर्मचारीही हजाराहून अधिक होते. त्यांच्या सुटकेत डोंगराळ प्रदेशातील स्थानिक रहिवाशांचा मोठा वाटा होता.

सप्टेंबर १९४४ मध्ये विल्यम टनर यांनी या मार्गाची सूत्रे घेतली. विमानांची टप्प्याटप्प्याने होणारी पद्धतशीर देखभाल, प्रत्येक अपघाताची चौकशी आणि उड्डाणाचे कडक नियम यांवर त्यांनी भर दिला. त्यांच्या काळात वाहतूक वाढत गेली आणि अपघातांचे प्रमाण मात्र घटत गेले. १ ऑगस्ट १९४५ रोजी चोवीस तासांत १,११८ फेऱ्या झाल्या. याच अनुभवाच्या बळावर टनर यांनी पुढे १९४८–४९ मधील बर्लिनच्या हवाई पुरवठ्याचे नेतृत्व केले.

## भूगोल

आसामच्या बाजूचे विमानतळ समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाहीत. मोहनबाडीची उंची सुमारे ११० मीटर आहे. तेथून पूर्वेकडे निघालेल्या विमानासमोर प्रथम पटकाईची रांग येते. या भागात तिची उंची सुमारे ३,००० मीटरपर्यंत जाते. त्यानंतर हुकाँगचे खोरे, कुमोन पर्वत आणि इरावतीच्या उपनद्यांची खोरी लागतात. पुढे इरावती आणि सालवीन यांच्या दरम्यान गाओलिगोंग पर्वत उभा आहे. सालवीन आणि मेकाँग या नद्यांच्या मधली रांग हा प्रत्यक्ष हंप होय. तेथील माथे ४,५०० मीटरहून उंच आहेत. मेकाँग ओलांडल्यावर जमीन हळूहळू उतरत जाऊन युन्नानच्या पठाराला मिळते. कुनमिंग या पठारावर सुमारे १,९०० मीटर उंचीवर वसलेले आहे.

या रांगा साधारण उत्तर-दक्षिण पसरलेल्या असल्याने पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला प्रत्येक रांग आडवी येते. उत्तरेकडे सरकावे तसतशी त्यांची उंची वाढते. लिज्यांगजवळील युलोंग पर्वताचे शिखर ५,५९६ मीटर उंच आहे. दक्षिणेकडील मार्ग तुलनेने सखल होता, परंतु म्यितक्यिना येथील विमानतळ जपानच्या ताब्यात असल्याने तिकडे लढाऊ विमानांचा धोका होता. १७ मे १९४४ रोजी दोस्त सैन्याने तो विमानतळ जिंकला. त्यानंतरच मालवाहू विमानांना दक्षिणेचा मार्ग मोकळेपणाने वापरता आला. सिम्युलेटरमध्ये कोणत्या वर्षाचे उड्डाण करायचे हे आधी ठरवावे लागते, ते यामुळेच. १९४३ चा मार्ग आणि १९४५ चा मार्ग सारखे नाहीत.

## विमाने

| विमान | इंजिने | प्रत्येक इंजिनाची शक्ती (अश्वशक्ती) | पंखांचा विस्तार (मीटर) |
|---|---|---|---|
| डग्लस सी-४७ | २ | १,२०० | सुमारे २९ |
| कर्टिस सी-४६ कमांडो | २ | २,००० | सुमारे ३३ |
| कन्सॉलिडेटेड सी-८७ | ४ | १,२०० | सुमारे ३३.५ |
| डग्लस सी-५४ | ४ | सुमारे १,३५० | सुमारे ३६ |

सी-४७ हे डीसी-३ या प्रवासी विमानाचे लष्करी रूप होते. ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलांत ते ‘डकोटा’ या नावाने ओळखले जाई. ते विश्वासू आणि सोशिक होते, परंतु विरळ हवेत त्याची इंजिने लवकर थकत. या उणिवेवर उपाय म्हणून उंचीवर अधिक शक्ती देणाऱ्या सुपरचार्जरसह सी-४७बी ही आवृत्ती तयार करण्यात आली.

सी-४६ हे १९४३ मध्ये मार्गावर आले. आकाराने मोठे, अधिक भार नेणारे आणि अधिक उंच जाणारे हे विमान पुढे हंपचा कणा ठरले. मात्र सुरुवातीच्या काळात इंधनगळती आणि इंजिनातील बिघाड यांमुळे त्याने अनेक बळी घेतले. सी-८७ हे बी-२४ या बॉम्बफेकी विमानापासून बनवलेले होते. पंखांवर बर्फ साचल्यावर ते सांभाळणे कठीण जाई. चार इंजिनांचे सी-५४ हे उंच डोंगरांपेक्षा दक्षिणेकडील सखल मार्गाला अधिक मानवणारे होते.

यांपैकी कोणत्याही विमानात आतील हवेचा दाब टिकवून ठेवण्याची सोय नव्हती. उंचीवर कर्मचाऱ्यांना प्राणवायूचे मुखवटे लावावे लागत आणि कडाक्याची थंडी सोसावी लागे.

## सिम्युलेटरची वाटचाल

उड्डाणाचे अनुकरण करणारे पहिले यशस्वी यंत्र अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केले. १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराकडे हवाई टपालाचे काम सोपवण्यात आले, तेव्हा खराब हवामानात केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसल्याने थोड्याच काळात अनेक वैमानिकांचा बळी गेला. त्यानंतर लष्कराने लिंक यांची यंत्रे विकत घेतली. महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या असंख्य वैमानिकांनी याच यंत्रात बसून ढगांत उडण्याचे प्राथमिक धडे घेतले.

घरगुती संगणकासाठी ब्रूस आर्टविक यांनी १९७९ मध्ये तयार केलेल्या प्रणालीतून पुढे १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर जन्माला आला. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त २००३ मध्ये निघालेल्या त्याच्या आवृत्तीत ऐतिहासिक विमानांवर विशेष भर होता आणि त्यांत डीसी-३ चा समावेश होता. २०२० च्या आवृत्तीतही चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने २०२२ मध्ये डीसी-३ देण्यात आले. एक्स-प्लेन आणि मुक्त स्रोत असलेली फ्लाइटगिअर या अन्य प्रसिद्ध प्रणाली आहेत. फ्लाइटगिअर विनामूल्य असून तिच्यासाठीही डीसी-३ चे प्रारूप उपलब्ध आहे.

पर्वतीय उड्डाणात भूपृष्ठाची अचूकता निर्णायक ठरते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अंतराळयानाने रडारच्या साह्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. त्या माहितीमुळे सिम्युलेटरमधील डोंगर खऱ्या डोंगरांच्या पुष्कळच जवळ आले. तरीही अतिशय खोल आणि अरुंद दऱ्यांत रडारची माहिती अपुरी राहते. सालवीन व मेकाँगच्या घळींतील कडे काही प्रणालींत प्रत्यक्षाहून बोथट दिसतात.

## उड्डाणाची पूर्वतयारी

ऐतिहासिक पद्धतीने उडू इच्छिणारे हौशी वैमानिक उपग्रहाधारित नकाशा आणि स्वयंचलित मार्गदर्शन बंद ठेवतात. त्या काळी वैमानिकाजवळ होकायंत्र, घड्याळ, उंचीमापक आणि जमिनीवरील रेडिओ दीपाची दिशा दाखवणारा रेडिओ-कंपास एवढीच साधने होती. हे जुने दीप आता अस्तित्वात नसल्याने काही अभ्यासक ते सिम्युलेटरमध्ये स्वतंत्रपणे बसवून घेतात.

विमानतळांच्या निवडीतही काळजी घ्यावी लागते. मोहनबाडी आज दिब्रुगढचा नागरी विमानतळ म्हणून कार्यरत आहे, त्यामुळे तो प्रणालीत सहज सापडतो. कुनमिंगचा युद्धकालीन वुजियाबा विमानतळ मात्र २०१२ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा चांगशुई या नव्या विमानतळाने घेतली. नवा विमानतळ जुन्याहून सुमारे २०० मीटर अधिक उंचीवर आहे.

भार ठरवताना नवशिक्यांकडून हमखास चूक होते. रिकामे डीसी-३ सिम्युलेटरमध्ये सहज वर चढते आणि हा मार्ग सोपा असल्याचा समज होतो. इंधनाची पिंपे आणि परतीपुरते इंधन धरून विमान पूर्ण भरले म्हणजे खरी परीक्षा सुरू होते. चीनमध्ये इंधनाची टंचाई होती. तेथे परतीसाठी इंधन भरून घेणे म्हणजे ज्या कामासाठी आलो तेच निष्फळ करणे होते.

## उड्डाणाचे टप्पे

### आरोहण

भरलेले सी-४७ मिनिटाला सरासरी १५० मीटर वेगाने वर चढते असे उदाहरणादाखल धरले, तर ११० मीटरवरून ५,००० मीटर उंची गाठायला सुमारे ३३ मिनिटे लागतील. ताशी २२० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात विमान सुमारे १२० किलोमीटर पुढे जाईल. पटकाईची रांग मात्र दिनजानपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. त्यामुळे ढगाळ हवेत सरळ पुढे न जाता तळाजवळच्या रेडिओ दीपाभोवती घिरट्या घालत पुरेशी उंची मिळवणे आणि मगच पूर्वेकडे वळणे हा सुरक्षित मार्ग ठरतो.

उड्डाणाच्या क्षणी सी-४७ ची इंजिने ४८ इंच पाऱ्याइतक्या मॅनिफोल्ड दाबावर चालतात. ही शक्ती केवळ अल्पकाळ वापरायची असते. चढताना दाब कमी करून इंजिनाच्या तापमानाकडे लक्ष ठेवावे लागते. उंची वाढेल तशी हवा विरळ होते आणि थ्रॉटल पूर्ण उघडूनही दाब घसरू लागतो. हवेच्या प्रमाणात इंधन कमी करण्यासाठी मिश्रणाचा दांडा हळूहळू मागे घ्यावा लागतो. ज्या प्रणालींत इंजिनाची झीज व बिघाड दाखवण्याची सोय आहे, त्यांत येथे केलेल्या घाईचे फळ अर्ध्या तासाने डोंगरावर मिळते.

### विरळ हवेतील वेग

सुमारे ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि घनता सुमारे ५७ टक्के उरते. वेगमापक हवेच्या दाबावर चालत असल्याने तो प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. काटा ताशी २४० किलोमीटर दाखवत असेल, तर विमानाचा हवेतील खरा वेग ताशी सुमारे ३१८ किलोमीटर असतो. वळण घ्यायला लागणारी जागा खऱ्या वेगावर अवलंबून असते. दरीत शिरून मागे फिरू पाहणाऱ्या वैमानिकाला म्हणूनच खोऱ्यात पुरलेली जागा येथे पुरत नाही.

### वारा आणि दिशा

हंपवर पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून ताशी १६० किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने वारे वाहत. दिनजान ते कुनमिंग ही दिशा पूर्व-आग्नेय आहे. विमानाचा खरा वेग ताशी ३०० किलोमीटर आणि उजव्या बाजूने येणारा आडवा वारा ताशी १०० किलोमीटर असेल, तर सरळ रेषेत जाण्यासाठी विमानाचे तोंड सुमारे १९ ते २० अंश वाऱ्याकडे वळवून ठेवावे लागते. तसे न केल्यास एका तासात विमान सुमारे १०० किलोमीटर डावीकडे, म्हणजे अधिक उंच शिखरांच्या दिशेने ढकलले जाते. ढगांत उडणाऱ्या वैमानिकाला याची चाहूलही लागत नाही. वादळी हवेत रेडिओ-कंपासचा काटा दीपाऐवजी विजेच्या कडकडाटाकडे वळत असे.

### बर्फ

ओलसर ढगांत तापमान शून्याखाली गेले की पंखांच्या पुढील कडांवर, प्रोपेलरवर आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचू लागतो. सी-४७ च्या पंखांच्या कडांना हवेने फुगणारे रबरी पट्टे असत. ते फुगवून बर्फ फोडला जाई, तर प्रोपेलरवर मद्यार्क सोडला जाई. कार्ब्युरेटरमधील बर्फ गरम हवेने वितळवावा लागतो, पण त्यामुळे इंजिनाची शक्ती आणखी घटते. आधीच अपुरी असलेली शक्ती बर्फ घालवण्यासाठी खर्च करावी की उंची टिकवण्यासाठी, हा पेच सिम्युलेटरमध्येही तसाच उभा राहतो.

### उंचीमापकाची फसगत

उंचीमापक वस्तुतः हवेचा दाब मोजतो. हवा प्रमाण तापमानापेक्षा थंड असेल तर विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा खाली असते. दर १० अंश सेल्सियसला सुमारे ४ टक्के, हा वैमानिकांचा स्थूल हिशोब आहे. त्यानुसार ५,००० मीटर दाखवणारे विमान प्रत्यक्षात ४,८०० मीटरवर असू शकते. सर्वच प्रणाली हा फरक दाखवतात असे नाही.

### अवरोहण

कुनमिंग पठारावर असल्याने तेथे उतरतानाही हवा विरळच असते. वेगमापकावर नेहमीचाच आकडा ठेवला तरी जमिनीवरील वेग अधिक असतो आणि धावपट्टी जास्त लागते. इंजिने अचानक थंड पडू नयेत म्हणून शक्ती टप्प्याटप्प्याने कमी केली जाते.

## एक इंजिन बंद पडल्यास

दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर ते लगेच कोसळत नाही. ते हळूहळू खाली येत जाते आणि एका विशिष्ट उंचीवर स्थिरावते. पूर्ण भरलेल्या सी-४७ च्या बाबतीत ही उंची हंपच्या माथ्यापेक्षा बरीच खाली असते. त्यामुळे प्रश्न असा उरतो, की विमान माथ्याच्या पातळीला येण्याआधी सखल प्रदेश गाठता येईल काय?

उदाहरणादाखल, विमान ५,५०० मीटरवर असताना इंजिन बंद पडले आणि ते मिनिटाला ६० मीटर खाली येऊ लागले असे समजू. माथे ४,५०० मीटर उंच धरल्यास वैमानिकाच्या हाती सुमारे १७ मिनिटे उरतात. ताशी २३० किलोमीटर वेगाने या अवधीत सुमारे ६४ किलोमीटर अंतर कापता येते. वारा विरुद्ध असेल तर हे अंतर आणखी घटते. म्हणजेच मार्गावरील प्रत्येक ठिकाणी ‘येथून मागे फिरायचे की पुढे जायचे’ याचे उत्तर उड्डाणापूर्वीच काढून ठेवावे लागते.

अशा वेळी करायच्या गोष्टींचा क्रम ठरलेला आहे. बंद इंजिनाच्या प्रोपेलरची पाती वाऱ्याला कमीत कमी अडथळा होईल अशी वळवायची, चालू इंजिनाला शक्य तेवढी शक्ती द्यायची, विमानाचा तोल सुकाणूने सावरायचा आणि भार बाहेर फेकायचा. प्रत्यक्ष हंपवर कर्मचारी दार उघडून माल ढकलून देत. त्यानेही भागले नाही तर हवाई छत्री हाच शेवटचा उपाय असे. सिम्युलेटरमध्ये भाराचा आकडा कमी करून पहिली कृती दाखवता येते.

२ ऑगस्ट १९४३ रोजी चबुआहून निघालेल्या एका सी-४६ विमानाचे इंजिन बंद पडले आणि त्यातील सुमारे वीस जणांना नागा टेकड्यांत उड्या घ्याव्या लागल्या. त्यांत अमेरिकी पत्रकार एरिक सेवरीड होते. त्यांच्या मदतीसाठी डॉन फ्लिकिंजर हे लष्करी डॉक्टर आपल्या सहकाऱ्यांसह त्याच जंगलात हवाई छत्रीने उतरले. नागा ग्रामस्थांनी आश्रय दिला आणि मोकोकचुंग येथील ब्रिटिश अधिकारी फिलिप ॲडम्स यांच्या मदतीने बहुतेक सर्वजण पायी सुखरूप बाहेर आले.

## मर्यादा

सिम्युलेटर डोंगराची उंची, हवेची घनता आणि इंजिनाची शक्ती यांचे गणित पुष्कळ अंशी खरे दाखवतो. त्या परिस्थितीतील माणसाची अवस्था मात्र तो दाखवत नाही. प्राणवायूच्या कमतरतेने मंदावणारी बुद्धी, गारठलेली बोटे, लागोपाठच्या फेऱ्यांचा थकवा आणि आदल्या रात्री न परतलेल्या सहकाऱ्याची रिकामी खाट यांना पडद्यावर स्थान नाही. उड्डाण मध्येच थांबवता येते, फसल्यास पुन्हा सुरू करता येते आणि हवामान मनासारखे निवडता येते. ६ व ७ जानेवारी १९४५ च्या रात्री हंपवर आलेल्या भीषण वादळात सापडलेल्या वैमानिकांना यांपैकी कोणतीच मुभा नव्हती.

ऐतिहासिक उड्डाणांचे जाणकार यामुळे स्वतःवर काही बंधने घालून घेतात. पूर्ण भार ठेवणे, हवामान न बदलणे, उड्डाण मध्येच न थांबवणे आणि अपयश आल्यास ते तसेच नोंदवणे, ही त्यांतील प्रमुख होत. या शिस्तीत उडताना वैमानिकाला मागे फिरण्याचा निर्णयही घ्यावा लागतो. १९४३ मधील वैमानिकांना तो निर्णय पुरवठ्याच्या दडपणाखाली घ्यावा लागत होता. पुढे टनर यांनी सुरक्षिततेचे नियम कडक केले, त्यामागे हाच अनुभव होता. त्या काळची अपघातसंख्या केवळ धाडसाची खूण नसून अपुरी विमाने, अपुरे प्रशिक्षण आणि अपुरी माहिती यांचा तो परिणाम होता, हे अशा उड्डाणातून चांगले लक्षात येते.

## भारतातील संबंधित उड्डाणे

युद्धानंतर शिल्लक राहिलेली अनेक डकोटा विमाने भारतातील हवाई दल आणि नागरी कंपन्यांकडे आली. मुंबईच्या टाटा एअरलाइन्सने, म्हणजेच १९४६ पासूनच्या एअर इंडियाने, ती प्रवासी वाहतुकीसाठी वापरली. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत.

पर्वतीय उड्डाणाच्या दृष्टीने भारतीय डकोटांची दोन उड्डाणे महत्त्वाची आहेत. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून सैनिकांना घेऊन निघालेली विमाने श्रीनगरला उतरली. पुढे २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेह येथे डकोटा उतरवले. तेथील धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झाली होती. श्रीनगर ते लेह हे हवाई अंतर सुमारे २५० किलोमीटर असून लेहच्या विमानतळाची उंची ३,२५६ मीटर आहे. हंपपेक्षा लहान असल्याने सिम्युलेटरमध्ये पर्वतीय उड्डाणाचा आरंभ करण्यासाठी हा मार्ग सोयीचा आहे. मात्र उतरण्याचे ठिकाणच अतिउंच असल्याने तेथे भाराचा हिशोब अधिक काटेकोर ठेवावा लागतो.

## स्मृती

हंपवर बेपत्ता झालेल्या विमानांचे अवशेष अरुणाचल प्रदेशाच्या जंगलांत आजही सापडतात. २०१६ मध्ये तेथे मिळालेले अमेरिकी विमान-कर्मचाऱ्यांचे देहावशेष त्यांच्या मायदेशी पाठवण्यात आले. अरुणाचल प्रदेशातील पासीघाट येथे २०२३ मध्ये हंपविषयीचे संग्रहालय सुरू झाले असून त्यात या मार्गाशी संबंधित वस्तू ठेवण्यात आल्या आहेत. अनेक विमानांचे कोसळण्याचे ठिकाण अद्याप अज्ञात आहे.

## हेही पहा

- डग्लस डीसी-३
- कर्टिस सी-४६ कमांडो
- बर्लिनची नाकेबंदी
- ब्रह्मदेश मोहीम
- लेह विमानतळ